सरगर सरांचं खोटं

तानाजी सरगर सरांना गावात कुणी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. बोलणं मोजकं, आणि जे बोलायचं ते आधी पारखून. उंब्रजपासून सहा किलोमीटर आत, उसाच्या पट्ट्यातल्या एका गावच्या हायस्कुलात ते वर्षानुवर्षं विज्ञान शिकवत होते. पोरांनी त्यांचं नाव पाडलं होतं ‘कशावरून सर’. वर्गात कुणीही काहीही सांगितलं की सरांचा एकच सवाल यायचा, “कशावरून?” पुस्तकात लिहिलंय, हे उत्तर चालत नसे. “सर, तुमीच काल सांगितलं की,” हे तर अजिबातच नाही. “मी सांगितलं म्हणून मानलंस. उद्या दुसरा सांगंल ते मानशील. करून बघितलंस का?”

शाळेची प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची एक खोली. सरकारी सामानाच्या पेटीतल्या निम्म्या नळ्या फुटक्या. पण सरांना त्याचं काही वाटत नसे. दवाखान्यातल्या सलाईनच्या बाटल्या, सुया काढलेल्या सिरिंजा, सायकलची ट्यूब, गॅरेजातले छर्रे, असलं काय काय गोळा करून त्यांनी खोली भरून टाकली होती. गावात म्हण होती की मळ्यातल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, कुणाचा तरी तळतळाट आहे. सरांनी नववीच्या पोरांना चार विहिरींचं पाणी आणायला लावलं, चार भांड्यांत सारखी डाळ घातली, चार स्टोव्ह पेटवले. मळ्यातल्या पाण्यात डाळ खरंच शिजली नाही. मग त्याच पाण्यात साबण घोळून बघितला, फेस येईना. पाणी उकळून भांड्याच्या तळाला बसलेला पांढरा थर पोरांनी बोटानं खरवडून बघितला. तळतळाट कुठला, खडूसारखा क्षार होता. त्या आठवड्यात गावातल्या निम्म्या घरांत बाप आणि पोरगं यांचा वाद झाला, आणि सर आनंदात होते.

ही खोड त्यांना लहानपणापासूनची. ते मूळचे आटपाडीकडचे. वडील अर्जुना मेंढरं घेऊन दिवाळीनंतर पश्चिमेला उतरायचे ते मृगापर्यंत परत यायचे नाहीत. तानाजी दहा वर्षांचा असताना मेंढरं पटापटा मरायला लागली. गळ्याखाली सूज यायची, दोन दिवसांत खेळ खलास. देवऋषी म्हणाला, कोप झालाय. कोप उतरवला, तरी मेंढरं मरत राहिली. शेवटी तालुक्याचा गुरांचा डॉक्टर आला. त्यानं मेलेली एक मेंढी पोरासमोर उभी चिरली, काळीज बाहेर काढलं आणि सुरीनं कापलं. आत झाडाच्या पानासारखे चपटे किडे होते. “दलदलीतलं गवत खाल्लं की हे पोटात जातात,” डॉक्टर म्हणाला, “औषध आहे ह्याला.” औषध पाजलं, उरलेली वाचली. निम्मा कळप गेला होता तोवर. आई रंगुबाई डोक्याला हात लावून बसली, पण पोरगं त्या काळजाकडेच बघत राहिलं. उघडून बघितलं की कळतं, एवढं त्याच्या मनात बसलं. पुढं नातेवाइकांकडं राहून शाळा, कराडला कॉलेज, बी.एड., आणि ही नोकरी.

सहा वर्षांपूर्वी दहावीला शिवांजली नलवडे नावाची मुलगी होती. अशी पोरगी मास्तरला आयुष्यात एकदा भेटते. हुशार पोरं खूप असतात, पण ही हट्टी होती. लंबकाचे दहा झोके मोजायला सांगितले तर तीस मोजायची, आणि तीसचं उत्तर दहाशी जुळलं नाही तर घरी जायची नाही. तिचे वडील दादासो नलवडे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, आता ऊस बघायचे. आई रेश्मा. एकुलती एक लेक. दादासो तिला सायकलवर पुढं बसवून पाचवीत घालायला घेऊन आले होते, आणि दहावीतही पाऊस असला की स्वतः मोटारसायकलवरून सोडायला यायचे.

अनुवंशाचा धडा आला. सरांचा एक जुना विद्यार्थी साईराज कराडला रक्त तपासायची लॅब चालवायचा. तो बर्फ भरलेल्या थर्मासमधून सिरमच्या बाटल्या घेऊन आला. पालकांच्या सह्या आधीच घेतल्या होत्या. साईराज एकेकाच्या बोटाला सुई टोचायचा, काचपट्टीवर रक्ताचे थेंब ठेवायचा. त्यावर निळं सिरम, पिवळं सिरम. काडीनं ढवळायचं आणि बघायचं, कुठं गुठळ्या होतात. पोरं ओरडत होती, हसत होती, शिवतेज नावाचा पैलवान गडी सुई बघून खालीच बसला. शिवांजलीच्या पट्टीवर निळ्यातही गुठळ्या झाल्या, पिवळ्यातही. एबी.

सरांनी फळ्यावर तक्ता काढला. आई-बापाचे गट असे असतील तर पोरांचे कोणते असू शकतात, कोणते नाहीत. घरच्यांचे गट विचारायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं होतं. कुठंतरी वाचलं होतं की विचारू नये. पण पोरांना फळा दिसत होता.

शिवांजली उठून उभी राहिली.

“सर, माझ्या पप्पांचा गट ओ आहे. त्यांच्या फौजेच्या कार्डावर लिहिलंय.” तिनं फळ्याकडं बोट केलं. “ओच्या खाली एबी नाहीच. मग कुठं चुकलं?”

पोरांना अजून काही कळलं नव्हतं, पण सरांचा चेहरा त्यांनी बघितला.

एकवीस वर्षं ह्याच माणसानं सांगितलं होतं की आलेलं उत्तर नको असलं म्हणून खोडायचं नाही. त्या दिवशी तो माणूस म्हणाला, “सिरम गरम झालं असंल. तुझ्या पट्टीचं चुकलं. खोड ते.”

“मग परत करू या की. बाटली निम्मी शिल्लक आहे.”

“वेळ संपली आता,” सर म्हणाले आणि त्यांनी फळा पुसला.

ती खाली बसली. पण तिनं वहीत खोडलं नाही, हे सरांनी बघितलं.

पुढच्या शनिवारी ती मैत्रिणीबरोबर कराडला गेली आणि दुसऱ्याच एका लॅबमध्ये रक्त देऊन आली. उत्तर तेच. कागद घेऊन ती घरी गेली आणि चहा पीत बसलेल्या वडिलांसमोर ठेवला. “पप्पा, तुमचं कार्ड चुकीचं आहे का?” दादासोंनी कागद वाचला, घडी केली आणि म्हणाले, “न्हाई बाळा. कार्ड बरोबर हाय.” एवढंच. मग उठून रानात गेले. रेश्मा चुलीपुढं होती, ती उठलीच नाही.

वर्गातल्या चाळीस पोरांपैकी कुणीतरी घरी सांगितलं असणार. गावाला फळ्यावरचा तक्ता लागत नाही. आठ दिवसांत बायकांनी सगळा हिशेब लावून टाकला. नवरा बर्फात पोस्टिंगवर, बाई क्वार्टरमध्ये एकटी, पोरगी तिकडंच झाली, बाळ घेऊनच गावात आलेली. बचत गटाच्या बैठकीत रेश्मा आत आली की बोलणं थांबायला लागलं. मग तिनं जाणं सोडलं. दळण आणायलाही दादासो जाऊ लागले. पिठाच्या गिरणीवर कुणीतरी त्यांच्या तोंडावर म्हणालं, “हवालदार, देशाची राखण केली, पर…” दादासोंनी डबा उचलला आणि चालू लागले.

एका रविवारी सकाळी ते उंब्रजला सरांच्या घरी आले. सरांच्या बायकोनं, मालननं, चहा दिला. तो तसाच निवत ठेवून दादासो बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. सरांनीच तोंड उघडलं.

“दादासो, चूक माझी झाली. मी तो प्रयोग—”

“प्रयोगात काय बी चूक न्हाई, सर,” दादासो म्हणाले. “पोरगी माझी न्हाई. रेश्माची बी न्हाई.”

मग त्यांनी सांगितलं. लग्नाला आठ वर्षं झाली तरी रेश्माला मूल नव्हतं. तिची धाकटी बहीण स्वप्नाली माहेरी, कोरेगावच्या बाजूला, कॉलेजात शिकत होती. तिला दिवस गेले. कोण, ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. आई धोंडुबाईनं दोन महिने पोरीला घराबाहेर काढलं नाही, आणि मग गुपचूप ट्रेननं जबलपूरला थोरलीच्या क्वार्टरवर पाठवून दिलं. “तितंच बाळंत झाली. रक्त थांबंना. दोन दिवस माझ्या बटालियनच्या पोरांनी बाटल्या दिल्या, सर. न्हाई वाचली. एकोणीस वर्षांची हुती. मरताना रेश्माचा हात धरून एकच म्हणाली, माझं नाव गावात घेऊ नका. आमी गावाकडं कळवलं, कावीळ झाली. आन वर्षानं बाळ घेऊन रजेवर आलो, ते आमचंच म्हणून.”

“शिवांजलीला हे सांगितलंत?”

“रेश्मा सांगू दीना. म्हणती, पोरीला कळलं की गावाला कळंल. सासू अजून हाय, सर. सत्तरीची झाली. ह्या वयात तिच्या तोंडाला काळं फासायचं? रेश्मा म्हणती, लोक मला म्हणत्यात ते म्हणू द्यात. मी जित्ती हाय, मी सोसीन. मेलेलीला कोण सोडवणार?” दादासोंनी टोपी गुडघ्यावर ठेवली. “सर, माझी बायको देवमाणूस हाय. आन तिला गिरणीवर लोक काय म्हणत्यात ते मी ऐकून घेतो, मान खाली घालून. मी लढाई बघितलीया. पर हे न्हाई जमत.”

जाताना दादासो दारात थांबले. “तुमी कायतरी करा. गावात तुमचा शबूद कुणी खाली पडू देत न्हाई.”

सरांनी दोन दिवस विचार केला. विज्ञानात एक फट होती, आणि ती त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होती. लाखात एखाद्या माणसाचं रक्त असं असतं की तपासताना ओ दिसतं, पण आत दुसरंच काही दडलेलं असतं. मुंबईच्या एका दवाखान्यात ते पहिल्यांदा सापडलं म्हणून त्याला मुंबईचंच नाव आहे. अशा बापाला एबी मूल होऊ शकतं. दादासोंचं रक्त तसं नव्हतं, हे सरांना आता माहीत होतं. पण गावाला माहीत नव्हतं.

मंगळवारी दहावीच्या वर्गात त्यांनी फळ्यावर पुन्हा तक्ता काढला, आणि त्याच्याखाली ह्या दुर्मीळ गटाची माहिती लिहिली. “गेल्या वेळी मी घाईत चुकीचं सांगितलं,” ते म्हणाले. “शिवांजलीचं उत्तर बरोबर होतं. तिच्या वडिलांचा गट हा असला आहे. मी खात्री केलीय.” संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोर सरपंच आणि चारपाच जण बसले होते, तिथंही जाऊन त्यांनी हेच सांगितलं, सोप्या शब्दांत. सरपंच म्हणाला, “असं बी असतंय व्हय! बघा, उगा एका बाईची आब्रू घेत होतो आपण.”

आणि झालं. आठवड्याभरात गावाचं तोंड बंद झालं. बचत गटाच्या बायका स्वतः रेश्माला बोलवायला गेल्या. कुणी कागद मागितला नाही. कुठं तपासलं, कुणी तपासलं, कुणी विचारलं नाही. सरगर सर म्हणतात म्हणजे तसंच असणार. एकवीस वर्षं जो माणूस ‘माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका’ म्हणत होता, त्याचा शब्द अख्ख्या गावानं न तपासता घेतला. वर्गात चाळीस पोरं होती, त्यांनीच घडवलेली. एकालाही ‘कशावरून’ म्हणावंसं वाटलं नाही.

एक सोडून. शाळा सुटल्यावर शिवांजली जिन्याखालच्या खोलीत आली. दप्तर पाठीवर, हातात काही नाही.

“सर, एक थेंब तपासला की कळतं ना? तो गट आहे का नाही?”

“व्हय.”

“पप्पांचा तपासलात?”

सर काचपट्ट्या पुसत होते. पुसतच राहिले.

“मी साईराजदादांना फोन केला होता,” ती म्हणाली. “त्यांनी नाही तपासला. सर, तुम्हाला खरं माहीत आहे. मला एकटीला सांगा. मी कुणाला सांगणार नाही.”

“तुझ्या आईला विचार.”

“ती रडते नुसती.”

“मग थांब. ती सांगंल तेव्हा सांगंल.”

“तुम्ही असं कधी म्हणायचा नाहीत, सर. थांब, असं.” तिनं दप्तराचा पट्टा खांद्यावर ओढला. “तुम्ही दोनदा खोटं बोललात. पहिल्यांदा मला वाटलं, घाबरलात. आता वाटतं, मी विचारलंच नसतं तर बरं झालं असतं.”

सरांना म्हणायचं होतं, विचारणं कधी चुकीचं नसतं. ती गेली.

रेश्मानं अखेर सांगितलं, बोर्डाची परीक्षा झाल्यावर. भिंतीवर स्वप्नालीचा हार घातलेला फोटो होता. दर वर्षी पितृपक्षात मावशीचं पान वाढायचं काम शिवांजलीच करायची, लहानपणापासून. दादासोंनी पुढं सरांना सांगितलं की पोरीनं तो फोटो उतरवला, मांडीवर घेतला आणि दुपारभर आरशात आणि फोटोत बघत बसली. रडली नाही. एवढंच म्हणाली, “हनुवटी बघा की. रोज समोर होती. मी कधी बघितलीच नाही.” त्यानंतर ती दादासोंशी बोलायची, गरजेपुरतं. आईला आई म्हणायची बंद झाली, बोललीच तर परक्यासारखं ‘तुम्ही’ म्हणायची. काय म्हणावं हे सुचेना म्हणून की राग म्हणून, कुणाला कळलं नाही. रेश्मानं विचारलंही नाही.

निकाल लागला, शाळेत पहिली आली. सर पेढे घेऊन गेले. कराडला विज्ञानाला घालायचं, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. ती म्हणाली, “सायन्स नको सर. मी सांगलीला जाणार. आर्ट्सला.” सरांनी कारण विचारलं नाही. त्यांना तो अधिकार राहिला नाही असं वाटलं. दादासोंनी तिची ट्रंक एस.टी.त चढवली, फौजेतली, वरचं त्यांचं नाव खरवडून काढलेली. गाडी हलल्यावर त्यांनी सवयीनं कडक सलाम ठोकला. लहानपणी ती खिडकीतून उलटा सलाम करायची म्हणे. त्या दिवशी तिनं हात हलवला.

सर शिकवत राहिले. डाळ शिजवत राहिले, लंबक टांगत राहिले. नवीन पोरांना काही फरक कळला नसेल. पण ‘कशावरून’ हा शब्द त्यांच्या तोंडातून गेला. जिभेवर यायचा आणि तिथंच थांबायचा. पोरांनी वहीत जुळवून आणलेली उत्तरं लिहिली तरी त्यांना ओळखू यायची, आणि ते सही करून टाकायचे. मालन एकदा म्हणाली, “आवं, तुमी त्या बाईला वाचवलंसा. पाप न्हवं केलं.” ते म्हणाले, “मला ठाऊक आहे. परत वेळ आली तर परत तेच करीन. म्हणून तर.” आणि समोरच्या वह्या ओढून सह्या करत बसले. अनुवंशाचा धडा आला की ते पुस्तकातून वाचून दाखवायचे. साईराजला परत बोलावलं नाही.

गेल्या मे महिन्यात ते निवृत्त झाले. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. मुख्याध्यापक नानासो पवारांनी भाषण केलं, म्हणाले, ह्या माणसानं आपल्या पोरांना खरं बोलायला शिकवलं. टाळ्या पडल्या. सर बोलायला उठले. खिशात चिठ्ठी होती, तीत त्यांनी चार ओळी लिहून आणल्या होत्या. एकदा तरी हे लोकांसमोर बोलावं, नाव न घेता, आपण एकदा पारख न करता बोललो आणि तुम्ही पारख न करता ऐकलंत, एवढं तरी. त्यांनी समोर बघितलं. बायकांच्या बाजूला तिसऱ्या ओळीत रेश्मा बसली होती, डोक्यावर पदर, मांडीवर हात. तिच्या शेजारी, मुलीच्या घरी राहायला आलेली म्हातारी धोंडुबाई होती, कान पुढं करून ऐकत. सरांनी चिठ्ठी बाहेर काढली नाही. सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले.

जेवणं उरकली. मांडवाच्या कडेला रेश्मा त्यांची वाट बघत उभी होती. तिनं वाकून नमस्कार केला.

“पोरगी दिवाळीला आलती, सर. दोन दिस राहिली.”

“कशी आहे?”

“बरी हाय. वाळलीया. मराठी घेऊन शिकती आता.” रेश्मानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “आई म्हणाली न्हाई. पर जाताना डबा मागून घेतला. म्हणाली, तुझ्या हातची चटणी दे.”

“‘तुझ्या’ म्हणाली?”

“व्हय,” रेश्मा म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. “अवं-जावं केलं न्हाई.”

धोंडुबाईनं लांबून हाक मारली. रेश्मा तिचा हात धरायला गेली. मांडववाल्याची माणसं खुर्च्या एकात एक घालत होती, आणि कुणीतरी येऊन विचारलं, सर, जिन्याखालच्या खोलीची किल्ली कुणाकडं द्यायची. त्यांनी खिशातून काढून दिली.